माळ

माळेचा स्वभाव सावकाश. १०८ मणी, वर एक मेरुमणी आणि त्याला लोंबणारा गोंडा, एवढाच तिचा पसारा. घरात ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवघरात समईमागे, गोमुखीत, कधी उशीखाली पडून असते. पण कुणाचे रिपोर्ट यायचे असतात, पाऊस ओढ देतो, पोराची नोकरी टांगणीला लागते आणि आपल्या हाती करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाचा हात आपसूक तिच्याकडे जातो. हात रिकामे राहिले की काळजी दुप्पट होते. माळ आधी हातांना काम देते, मनाचं नंतर बघते.

हे काम देण्याची तिची रीत ठरलेली आहे. मधल्या बोटावर ती टेकवायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा आणि तर्जनी लांब ठेवायची. तर्जनी का नको, याची कारणं जुनी माणसं वेगवेगळी सांगतात. मला दिसतं ते इतकंच, की ही पकड थोडी अवघड आहे आणि अवघड आहे म्हणूनच लक्ष बोटांवर ठेवावं लागतं. तुळशीचा मणी हलका, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. रुद्राक्ष खडबडीत, त्याच्या कडा बोटाला लागतात. स्फटिक उन्हाळ्यातही गार. डोळे मिटलेले असले तरी मणी आला आणि मणी गेला, हे बोटांना कळतं. पुढच्या आठवड्यात काय होईल, हे कुणालाच ठाऊक नसताना एवढी एक गोष्ट तरी नक्की ठाऊक असते.

तिचा एक हट्ट मात्र पक्का. मेरू ओलांडायचा नाही. तिथवर पोचलं की माळ फिरवायची आणि आल्या वाटेने परत निघायचं. मला तिच्यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. काळजी पुढेच धावते. असं झालं तर काय, मग तसं झालं तर काय, आणि त्याला शेवट नसतो. माळ १०८ वर थांबवते आणि मागे वळायला लावते.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर बसायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांनी तिला कामावर पाहिलं असेल. तिथे दिवस-रात्र एकच, डोक्यावर ट्यूबलाइट, दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वर. नर्स कुणाचं नाव घेते आणि बाकीचे पुन्हा खाली बसतात. असंच बसलेल्या एका आजींना मी पाहिलं होतं. पदराखाली हात, ओठ जेमतेम हलत होते. दार उघडलं की त्यांचा अंगठा थांबायचा. नाव दुसऱ्याचं निघालं की त्याच मण्यापासून पुढे. मधेच सुनेने चहा आणला तेव्हा त्यांनी तो मणी दोन बोटांत धरून ठेवला, डाव्या हाताने चहा प्यायल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. आत काय चाललंय ते बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. राहिलेले मणी तेवढे त्यांच्या हातात होते, आणि त्या बळावर त्यांनी ती रात्र बसून काढली. आम्ही बाकीचे मोबाइल उघडत होतो, मिटत होतो आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त घाबरत होतो.

तिची भावंडं इतर धर्मांतही आहेत. मुसलमान घरांत तसबीह, ३३ किंवा ९९ मण्यांची. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी अख्खं कुटुंब एकत्र बसून रोझरी म्हणतं, गोव्यात तिला तेर्स म्हणतात. नावं निराळी, देव निराळे, अंगठ्याचं काम तेच. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली रोझरी आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी तो बारा ते वीस असतो. श्वास असा लांबला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणाही जास्त चांगलं काम करते, असं त्यांना आढळलं. माणसं तेवीसच होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. पण मला यात नवल वाटलं नाही. एक ओळ पुरी म्हणायची तर श्वास सोडत राहावाच लागतो.

तिच्याकडून नको ते मागूही नये. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडेच गेलं पाहिजे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे फोन करावा. माळ औषधाच्या आड येत नाही. तिला आड आणतो ते आपण. तसंच ती कुणाच्या गळ्यात मारू नये. ज्याला नाम घ्यावंसं वाटत नाही, त्याने नुसते श्वास मोजले तरी तिची काही तक्रार नसते.

तिला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहणं. मणी टिकतात, पण सुती दोरा आतून कुजतो आणि नेमक्या अडचणीच्या दिवशी हातात घेतल्यावर तुटतो. मग मणी कॉटखाली, कपाटामागे, कुठे कुठे जातात. तुमच्या घरी आजीची माळ एखाद्या डब्यात असेल, तर ती आजच बाहेर काढा. दोरा ताणून बघा, आणि कच्चा लागला तर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या. दोन मण्यांमध्ये गाठ मारायला सांगा, म्हणजे तुटली तरी मणी विखुरणार नाहीत.