घरासाठी एस्प्रेसो मशीन
एस्प्रेसोसाठी साधारण 9 बार दाब आणि 90 ते 96 अंश सेल्सिअसचे पाणी लागते. खोक्यावर ठळक छापलेला 15 बारचा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो. त्याला भुलून मशीन घेऊ नये. खरी मदार ग्राइंडरवर असते. भुकटी जाडसर राहिली की पाणी भसकन निघून जाते आणि कपात आंबट, पातळ कॉफी उतरते. फार बारीक झाली तर कॉफी थेंब थेंब गळून कडवट होते. 18 ग्रॅम भुकटीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरली, की दळण जमले. म्हणून ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला काढावेत. दुधाची कॉफी आवडणाऱ्या घरात वाफेची नळी दमदार हवी. मशीनचा खर्च नको असेल, तर शेगडीवर ठेवायचा मोका पॉट आहे. इटलीत 1933 साली निघालेला हा पॉट जेमतेम दीड बार दाब देतो. तरी रोजच्या कडक कपाला तो पुरतो.