संगमावरची छत्री

इटलीत मोटार चालवावयाची म्हणजे सारा जन्म रस्त्याच्या डाव्या बाजूने गेलेल्या माणसाने एका दिवसात उजवी बाजू आपलीशी करावयाची. चालकाची जागा डावीकडे; त्यामुळे आपल्याकडे चालक जेथे बसतो, नेमक्या त्याच जागी बायको बसलेली. वळण आले की माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर पडे आणि आमचे हे हसत. बडोद्याहून निघण्यापूर्वीच त्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला होता. वय अडुसष्ट, गेल्याच वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, चिरंजिवांनी दिली नव्हती. अर्थात ह्यांनी डॉक्टरांचे ऐकले.

आमचे चिरंजीव मिलानला नोकरीस आहेत. पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून आम्ही दोघेच तीन दिवसांसाठी तोस्काना प्रांतात उतरलो होतो. सिएना शहरात दोन रात्री काढावयाच्या, तिसऱ्या दिवशी भाड्याची मोटार घेऊन फ्लॉरेन्सला यावयाचे, तेथील विमानतळावर ती परत करून रात्रीच्या गाडीने मिलान गाठावयाचे, असा बेत होता. मिलानहून निघण्याच्या आदल्या रात्री जेवताना चिरंजिवांनी विषय काढला होता. "बाबा, आता बडोद्याचे घर बंद करून इकडेच का येत नाही? तिथे तुम्हां दोघांना काही झाले, तर मी पोहोचायचो केव्हा?" हे म्हणाले, "बघू." चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या 'बघू'चे सारे अर्थ मला पाठ झाले आहेत, पण ह्या 'बघू'चा अर्थ काही लागेना. सिएनाच्या दोन दिवसांत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मलाही विचारण्याचे धैर्य झाले नाही.

ऑक्टोबरची सकाळ होती. सिएनाहून फ्लॉरेन्स वेगवान रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटर. तासाभरात माणूस पोहोचतो. पण ह्यांनी मुद्दाम किआंतीच्या डोंगरांतून जाणारा २२२ क्रमांकाचा जुना रस्ता धरला. हा रस्ता कोठेच सरळ म्हणून जात नाही. एका टेकडीवर चढावे, सुरूच्या उंच झाडांची रांग ओलांडावी, उतरावे, पुन्हा चढावे. द्राक्षांची तोडणी आटोपली होती आणि वेलींची पाने तांबूस झाली होती. मध्येच ऑलिव्हचे रुपेरी पट्टे, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांचे एखादे गाव.

वाटेत फोंतेरूतोली नावाची एक लहानशी वस्ती लागते. तिची दंतकथा मोठी गमतीची आहे. सिएना आणि फ्लॉरेन्स ही दोन नगरराज्ये शतकानुशतके सीमेवरून भांडत होती. अखेर असे ठरले, की दोन्ही शहरांतून कोंबडा आरवताच एकेक घोडेस्वार निघावा आणि जेथे दोघांची गाठ पडेल तेथे सीमा मानावी. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट केले. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा निवडून त्याला उपाशी ठेवले. उपाशी कोंबडा उजाडण्याची वाट कशाला पाहतो? तो अंधारातच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार एवढा पुढे आला, की दोघांची गाठ सिएनाच्या जवळ, फोंतेरूतोलीपाशी पडली आणि बहुतेक सारा किआंती प्रदेश फ्लॉरेन्सकडे गेला. तो काळा कोंबडा आजही तेथील 'किआंती क्लासिको' मद्याच्या बाटल्यांवर मिरवतो.

माझे माहेर बेळगावचे. सीमेचा प्रश्न निघाला, की माहेरच्या पंगतीत अजूनही पानातला वरणभात थंड होतो. मी म्हटले, "आपल्याकडे कोणी असा कोंबडा पाळला असता तर?" हे म्हणाले, "त्याला कोणी उपाशी ठेवावयाचे, ह्यावरच आयोग बसला असता!"

दुपारी ग्रेव्हे गावी पोहोचलो. येथील मुख्य चौक चौकोनी नसून चक्क त्रिकोणी आहे. तिन्ही बाजूंना कमानींचे सोपे आणि मध्ये व्हेराझ्झानो ह्या दर्यावर्दीचा पुतळा. न्यूयॉर्कच्या खाडीत १५२४ साली शिरलेला हाच तो खलाशी. इटलीतील खाणावळींचे एक पथ्य असते. दुपारचे जेवण बहुधा अडीचच्या सुमारास आटोपते आणि मग संध्याकाळी सात-साडेसातापर्यंत चूल पेटत नाही. आम्ही एकलाच जाऊन बसलो. "सेन्झा कार्ने", म्हणजे 'मांसाविना', हे दोन शब्द सूनबाईंनी घोकून घेतले होते. मालकीणबाईंनी मान डोलावली आणि आमच्यापुढे रिबोल्लीताचे दोन वाडगे ठेवले.

रिबोल्लीता ह्या शब्दाचा अर्थच 'पुन्हा उकळलेले'. शिळा पाव, पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया, काळपट पानांची कोबी आणि घरात असतील त्या भाज्या एकत्र शिजवावयाच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळावयाच्या आणि वरून ऑलिव्हचे तेल सोडावयाचे. गरीब शेतकऱ्यांच्या घरातील हा पदार्थ. पहिला घास घेतला आणि मला हसू आले. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करणारी आपल्याकडची प्रत्येक गृहिणी ह्या बाईंची सख्खी बहीण! सोबतचा पाव मात्र अळणी; तोस्कानात पावात मीठ घालीतच नाहीत. मी हाताने तिखटाची खूण केली, तेव्हा मालकीणबाईंनी आतून लाल मिरच्या मुरवलेल्या तेलाची बाटली आणली आणि आम्ही किती घालतो हे पाहावयास उभ्याच राहिल्या. ह्यांनी तीन चमचे घातले. बाईंनी कपाळाला हात लावला.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही रक्कम निराळी लावलेली होती. मेजावर पान मांडल्याचे ते पैसे! हे म्हणाले, "तुझ्या आईने पानामागे असे पैसे घेतले असते, तर आज बेळगावात तुमचा वाडा असता." असे हे सबंध वाटभर प्रसन्न होते. पण मोटारीत बसल्यावर किल्ली फिरवण्यापूर्वी क्षणभर थांबले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. दुखत नव्हते, शस्त्रक्रियेनंतर ती सवयच जडली आहे. मी पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवले.

फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो आणि वेशीवर कॅमेरे पहारा देतात. म्हणून आम्ही शहराच्या पश्चिमेकडून विमानतळाकडे निघालो होतो. मोबाइलमधील बाई इटालियन नावे मोठ्या ठसक्यात उच्चारीत वाट दाखवीत होत्या. आर्नो नदीवरील झुलत्या तारांच्या एका भव्य पुलाजवळ येताच त्या म्हणाल्या, "पोंते आल्लिन्दियानो." रस्त्यावरच्या पाटीवरही तेच नाव. मी दचकून म्हटले, "अहो, हा पूल कोणा भारतीयाच्या नावाचा आहे!" हे म्हणाले, "अमेरिकेतला इंडियन असेल."

विमानतळावर मोटार ताब्यात घेणाऱ्या मुलीला मी ते नाव विचारले. तिने आम्हां दोघांकडे, माझ्या साडीकडे पाहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुमच्याकडचाच एक राजा. बागेच्या टोकाला, नदीकाठी त्याचे स्मारक आहे." रात्रीच्या गाडीला तीन तासांचा अवधी होता. आम्ही टॅक्सी केली.

कास्चीने हे फ्लॉरेन्सचे मोठे सार्वजनिक उद्यान. एके काळी येथे मेदिची घराण्याचे गोठे होते. आर्नोच्या कडेने लांबच लांब पसरलेल्या ह्या बागेच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी येऊन आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ झाडांच्या सावलीत एक छत्री उभी आहे. आपल्याकडे राजघराण्यांच्या समाधीवर असते, अगदी तशी. छत्रीखाली तरुण मुलाचा अर्धपुतळा. अंगावर दागिने, डोक्याला पागोटे, चेहरा कोवळा. चबुतऱ्यावर चार भाषांत लेख कोरले आहेत. त्यांतला इंग्रजी मी वाचू लागले आणि 'कोल्हापूर' ह्या शब्दाशी येऊन थबकले.

हे कोल्हापूरचे राजाराम छत्रपती, दुसरे. माझे वडील राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यामुळे ही हकीगत लहानपणी कानांवरून गेली होती, पण ती जागा अशी अवचित समोर येईल हे स्वप्नातही नव्हते. राजारामांचा जन्म १८५० सालचा. १८६६ साली दत्तकविधानाने ते गादीवर आले आणि १८७० साली विलायतेच्या प्रवासास निघाले. इंग्लंड पाहून, युरोपातून मायदेशी परतण्याच्या वाटेवर असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि प्रेतदहनाची रीत त्या देशात नव्हती. तरीही शहराने परवानगी दिली. नदीसंगमाची ही जागा शोधण्यात आली आणि रात्रीच्या वेळी, हिंदू विधीप्रमाणे, येथे चिता पेटली. त्यांची प्रवासातील रोजनिशी कॅप्टन वेस्ट ह्यांनी १८७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. छत्री १८७४ सालची. मोटारीतून आम्ही ज्यावरून आलो तो पूल १९७८ साली झाला आणि त्याला ह्याच तरुण राजामुळे 'भारतीयाचा पूल' हे नाव पडले.

अर्धपुतळा फुलर ह्या इंग्रज शिल्पकाराचा. ह्यांनी मोबाइलवर पुढची माहिती काढली आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "छत्रीचा आराखडा कोणाचा आहे, ठाऊक आहे? चार्ल्स मँटचा. आपल्या लक्ष्मीविलासचा!"

बडोद्याच्या वाचकांना मँट निराळा सांगावयास नको. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा त्याचा. १८८१ साली तो वारला आणि वाडा १८९० साली चिझमने पुरा केला. त्या वाड्याच्या दरबार हॉलमधील जडावाची जमीन व्हेनिसच्या कारागिरांची, तेथील पुतळे फेलिची ह्या इटालियन शिल्पकाराचे. म्हणजे त्यांचे कारागीर आमच्या गावी येऊन काम करून गेले आणि आमचा राजा त्यांच्या नदीकाठी कायमचा राहिला.

आम्ही तेथल्या बाकावर बसलो. नदीवर संध्याकाळ उतरली होती. हे छत्रीकडे पाहतच म्हणाले, "त्या रात्रीपासून माझ्या मनात एकच आहे. मी इथे गेलो, तर मागे तुझे काय? भाषा नाही, शेजार नाही. आणि घाटावर नेणारे कोण?"

शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभरात हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मी म्हटले, "बेळगावहून बडोद्यास आले, तेव्हा मला तरी गुजराती कोठे येत होते? तुमचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर गेले, तेव्हा त्यांचे तेथे कोण होते? घाटाचे म्हणाल, तर ह्या पोराला दीडशे वर्षांपूर्वी परक्या माणसांनी घाट शोधून दिला. तुमचा तर मुलगा येथे आहे."

"मग यावयाचे म्हणतेस?"

"तसे नव्हे. भीतीपोटी तेथे राहावयाचे नाही, आणि भीतीपोटी येथे यावयाचे नाही, एवढेच."

गाडीत बसेपर्यंत सारे ठरले. दांडिया बाजारातील घर विकावयाचे नाही. दिवाळी, गणपती आणि आपली माणसे बडोद्याची. व्हिसावर नव्वद दिवस राहता येते. तेवढे दिवस दर वर्षी मिलानचे. किल्ली शेजारच्या वहिनींकडे, तुळशीला पाणीही त्याच घालतील. पुढे दोघांपैकी एकच उरले, तर त्याने पुन्हा विचार करावा. दुसऱ्याने आताच त्याला शपथेत अडकवू नये. हा शेवटचा ठराव ह्यांचा. तो मांडताना त्यांचा हात छातीवर नव्हता, माझ्या हातात होता.

पुढच्याच रविवारी चिरंजीव आपल्या मुलीला ती छत्री दाखवावयास घेऊन गेले. मिलानमध्ये जन्मलेल्या ह्या सहा वर्षांच्या नातीने तेथूनच मला फोन केला. "आजी, हा राजा आपल्या गावचा का?"

मी म्हटले, "हो, आपल्याच."