गच्चीवरचं गरम पाणी, तळमजल्यावरची आई

तारनाक्याच्या आमच्या घरात पाणी तापवायचा सोलर तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत आहे आणि आईची खोली तळमजल्यावर. हैदराबादची थंडी ती केवढी, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो. आई पाचला उठून नळ सोडायची आणि पाव-अर्धी बादली भरेपर्यंत गारच पाणी यायचं. रात्रभर पाइपमध्ये निवलेलं ते पाणी मोरीत जायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहरात हे मनाला लागतं, आणि त्याहून जास्त लागतं ते आईचं कुडकुडत थांबणं.

उपाय ठाऊक होता. तळमजल्यापासून सोलरच्या टाकीपर्यंत परतीची बारीक पाइप टाकायची आणि एका पंपाने गरम पाणी फिरतं ठेवायचं. पंप कोणता, एवढंच ठरवायचं होतं.

प्लंबर म्हणाला, ‘‘साब, तीन मंजिल चढाना है, हाफ एचपी से कम नक्को.’’ राणीगंजच्या दुकानातही तोच सल्ला मिळाला. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीच्या टाकीत पाणी चढवायचं तर तो अगदी बरोबर आहे. तिथे प्रत्येक लिटर खरोखरच दहा-बारा मीटर उचलावा लागतो. आमचं काम वेगळं होतं. इथे पाणी टाकीतून निघून टाकीतच परत येणार. उतरणारं पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं, जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं. उंची हिशेबातून गळते आणि उरतं ते फक्त पाइपमधलं घर्षण.

जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भावाच्या घरी हीच गोष्ट रोज चालते. तिथे तळघरातला बॉयलर पाणी तापवतो आणि मुठीएवढा पंप ते सगळ्या मजल्यांवरच्या खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांतून फिरवतो. फोनवर त्याने मला आधी कागद-पेन्सिल घ्यायला लावलं.

आमची पाइप जाताना वीस मीटर, आतून २० मिलिमीटर. म्हणजे तिच्यात सव्वासहा लिटर पाणी. ते साधारण मिनिटभरात बदलायचं तर मिनिटाला सहा लिटर प्रवाह पुरे. परतीची पाइप १५ मिलिमीटरची धरली. कोपरे आणि व्हॉल्व्ह मिळून घर्षण आलं पाणी दीड मीटर उचलण्याइतकं. म्हणजे हवा होता दोन मीटर हेडचा, पाणी तेवढं उचलण्याइतक्या जोराचा पंप, तीस-चाळीस वॅटचा.

मोठा पंप घेतला असता तर विजेपलीकडेही नुकसान होतं. सोलरच्या टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली, असे थर असतात. जोराचा प्रवाह ते थर ढवळून टाकतो आणि सगळंच पाणी कोमट होतं.

पंपाच्या पाटीवरचे आकडेही वाचायला शिकलो. ग्रुंडफॉसच्या पंपावर २५-६० असं असेल, तर पहिला आकडा तोंडाचा मिलिमीटरमधला नाममात्र व्यास आणि दुसरा जास्तीत जास्त हेड, डेसिमीटरमध्ये. म्हणजे सहा मीटर.

बॉडी मात्र स्टेनलेस स्टीलचीच घेतली. रेडिएटरमध्ये तेच ते पाणी फिरत राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून तिथे बिडाचा पंप टिकतो. आमच्या नळाला रोज ताजं पाणी येतं. बीड गंजलं असतं आणि तो गंज आईच्या बादलीत उतरला असता.

पंप गच्चीत न लावता तळमजल्यावर, परतीच्या पाइपच्या सुरुवातीला बसवला. तिथे त्याच्या तोंडाशी वरच्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळे गरम पाण्यात वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. या जातीच्या पंपाचं बेअरिंग आतल्या पाण्यावरच चालतं, म्हणून त्याचा दांडा आडवा ठेवला. पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला; तो नसता तर नळ उघडताच टाकीच्या तळाचं गार पाणी उलट्या वाटेने आलं असतं. दोन्ही पाइपांवर फोमचं वेष्टन आणि जोडीला टायमर: आईच्या उठण्याआधी सुरू, तिची अंघोळ झाली की बंद.

आता नळ सोडताच गरम पाणी येतं. पंप चालू आहे हे त्याला हात लावल्याशिवाय कळत नाही.

कुणी विचारलं तर मी एकच सांगतो: दुकानात जाऊन मजले सांगू नका. पाणी वर चढवून सोडायचं आहे की फिरवून परत आणायचं आहे, ते आधी सांगा. फिरवायचं असेल तर पाइपची लांबी आणि आतला व्यास लिहून न्या. पंप त्यावरूनच ठरतो.