गळ आणि गाळ

ओळखीचे पाणी असले की मासेमारीचे निम्मे काम झालेलेच असते. ताईच्या सासरच्या तळ्यावर मी चैत्राच्या अखेरीस प्रथमच गेलो, तेव्हा ना तळ ठाऊक होता, ना तिथली भाषा. वळवाची एक सर येऊन गेली होती. काठच्या वेलींपाशी बुडबुडा फुटला. मरळ! नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवेसाठी तिला वर यावेच लागते. मी गळाला बेडूक लावला.

"गाळ?" शेजारच्या अज्जांनी विचारले. आपला गाळ म्हणजे तळचा चिखल. कन्नडमधला गाळ म्हणजे आपला गळ! मी मान हलवली.

"ब्याडप्पा, मरी अदाव," म्हणत त्यांनी बोट दाखवले. पाण्यात तांबूस पिल्लांचा पुंजका वळवळत होता. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. तिला ओढून काढले की ती इतर माशांच्या तोंडी जातात.

घरी ताईने मसाला वाटून ठेवला होता. तरीही मी दोरी गुंडाळली. सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ भांडतो. त्या दिवशी मात्र दोन भाषांत मला एका कान्याचेच अंतर दिसले, आणि 'ब्याड' समजायला शब्दकोशही लागला नाही.