तुम्ही फॉरवर्ड होतात की गार्ड?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आपल्या मंडळींचा दौरा बहुतेक वेळा ठरलेला असतो. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, आणि पाय चालत असतील तर लास व्हेगास. त्या यादीत आयोवा नसतं. मका, सोयाबीन आणि डुकरं यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात पाहायचं तरी काय, असं तिकडचे लोकही विचारतात. पण तुमचं कुणी शिकागोत राहत असेल आणि तुम्ही फेब्रुवारीच्या अखेरीला तिथल्या थंडीत घरात बसून कंटाळला असाल, तर माझं ऐका. पश्चिमेकडे पाच तास गाडीने जा आणि डि मॉइन गाठा. या शहराच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एस’ आहेत, उच्चारात एकही नाही.

वाटेत हिरवं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. मका कधीच कापलेला असतो. दोन्ही बाजूंना तपकिरी शेतं, मधूनच धान्याच्या उंच गोल कोठ्या आणि त्यावर उरलासुरला बर्फ. शहरात शिरल्यावर विधानभवनाचा सोनेरी घुमट लांबूनच चमकतो. थंडीची फार काळजी नको, कारण शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे काचेचे बंदिस्त पूल आहेत आणि बरंचसं अंतर रस्त्यावर पाऊल न टाकता कापता येतं. याच दिवसांत इथे शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलची राज्य स्पर्धा भरते. नदीकाठी २००५ मध्ये उघडलेलं मोठं क्रीडागृह आहे, वेल्स फार्गो अरीना म्हणून ते ओळखलं जायचं. शाळांचे आकारानुसार पाच गट आणि प्रत्येक गटात आठ संघ, म्हणजे चाळीस संघ. जवळजवळ आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत सामने चालतात.

खेळातलं फारसं कळत नसलं तरी बिघडत नाही. प्रेक्षकांकडे बघितलंत तरी पैसे वसूल. शाळेचा बँड, गालावर रंग फासलेली पोरं, आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घालून आलेलं अख्खं गाव. आपल्याकडे जत्रेला निघावं तसे लोक येतात, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत.

आणि तुमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजी बसल्या असतील, तर मध्यंतरात त्यांना एवढंच विचारा: तुम्ही फॉरवर्ड होतात की गार्ड? त्या आयोवातल्या लहान गावात वाढल्या असतील, तर प्रश्न लगेच कळेल आणि उत्तर लांबलचक मिळेल.

हा प्रश्न समजायला एक जुना खेळ समजून घ्यायला हवा. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधून काढला. त्यानंतर थोड्याच काळात, तिथून जवळच असलेल्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. त्या काळच्या समजुतीनुसार मुलींना एवढी धावपळ झेपणार नव्हती. म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे भाग पाडले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळायचं असा नियम केला. पुढे यातूनच सहा-सहा मुलींचा खेळ रूढ झाला आणि आयोवाने तो जीव लावून जपला.

आपल्या कबड्डीची मधली रेषा आठवा. आता अशी कल्पना करा की ती रेषा ओलांडायचीच नाही, कुणीही, कधीही. प्रत्येक संघातल्या तीन मुली फॉरवर्ड. त्या एका अर्ध्या भागात राहणार आणि बास्केट करण्याचा हक्क फक्त त्यांनाच. उरलेल्या तिघी गार्ड. त्या दुसऱ्या अर्ध्या भागात समोरच्या संघाच्या फॉरवर्डना अडवणार. चेंडू हाती लागला की मधल्या रेषेपर्यंत आणायचा आणि पलीकडच्या आपल्या मैत्रिणीकडे फेकायचा, की त्यांचं काम संपलं. टप्पेही दोनच मारता यायचे, तिसरा टप्पा पडला की चूक. एवढ्याशा जागेत तीन विरुद्ध तीन आणि हातात चेंडू ठेवून धावता येत नाही, त्यामुळे खेळ संथ होईल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं झालं. चेंडू या हातातून त्या हातात भिरभिरायचा आणि गुणांचा पाऊस पडायचा.

पहिली राज्य स्पर्धा १९२० मध्ये याच शहरातल्या ड्रेक विद्यापीठात झाली. पाच वर्षांनी राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. चारचौघांसमोर मुलींनी असं खेळणं त्यांना बरं वाटत नव्हतं. तेव्हा लहान गावांतले शाळाप्रमुख एकत्र आले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना उभी केली. ती आजही हीच स्पर्धा भरवते. गंमत अशी, की मोठ्या शहरांतल्या अनेक शाळांनी पुढची कितीतरी वर्षं मुलींचा संघ ठेवला नाही आणि शेतकऱ्यांच्या पोरी मात्र राज्यभर गाजत राहिल्या. शहर पुढारलेलं आणि गाव मागासलेलं, हे समीकरण इथे कोलमडतं.

आता क्रीडागृहातून बाहेर पडा. शेजारीच व्हेटरन्स मेमोरियल ऑडिटोरियम ही जुनी इमारत आहे. लोक तिला लाडाने ‘बार्न’, म्हणजे धान्याचं कोठार म्हणत. १९५५ मध्ये उघडलेल्या या इमारतीत पन्नासएक वर्षं मुलींची स्पर्धा झाली. आज आत संमेलनं आणि मेजवान्या होतात. थोडा वेळ तरी या भिंतीपाशी उभे राहा, कारण १९६८ चा अंतिम सामना इथे झाला.

एका बाजूला युनियन-व्हिटन. युनियन आणि व्हिटन या दोन लहान गावांची मिळून एक शाळा. व्हिटनची वस्ती दोनशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एखादी वाडी म्हणावी एवढी. दुसऱ्या बाजूला वायव्येकडच्या एव्हर्ली गावाची शाळा. तेव्हा गट नव्हते. लहान असो की मोठी, सगळ्या शाळांमधून राज्यात एकच विजेता ठरायचा. प्रेक्षक पंधरा हजारांच्या घरात. संघटनेचे प्रमुख वेन कूली यांना समारंभाची भारी हौस. मध्यंतरात मैदान झाडायला येणारेसुद्धा कोट आणि बो टाय घालून येत. आपल्या लग्नात वाढपी मंडळींना फेटे बांधतात ना, तसलाच थाट!

युनियन-व्हिटनची फॉरवर्ड डेनिस लाँग. याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात तिने ९३ गुण केले होते आणि त्याच मोसमात एका सामन्यात १११. पुन्हा वाचा, एकटीने १११. एव्हर्लीची जेनेट ओल्सन तिच्या तोडीची. सामना सुरू झाला आणि दोघी एकमेकींना उत्तरं देत गेल्या. पण त्या समोरासमोर कधीच आल्या नाहीत. डेनिस एका अर्ध्या भागात, जेनेट दुसऱ्या. एकीने बास्केट केली की दुसरी मधल्या रेषेपाशी उभी राहून बघत असायची आणि चेंडू पलीकडून येण्याची वाट पाहायची. नेहमीचा वेळ संपला तेव्हा बरोबरी होती. जादा वेळेत युनियन-व्हिटन ११३-१०७ असे जिंकले. डेनिसचे ६४ गुण. आणि जेनेटचे? ७६.

म्हणजे सगळ्यांत जास्त गुण करणारी मुलगी हरली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असंच वाटलं. मुलींच्या या खेळात तीन गुणांची बास्केट तेव्हा नव्हती. सामना ३२ मिनिटांचा आणि वर जादा वेळ. एवढ्या अवधीत दोघींनी मिळून १४० गुण केले.

पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, पुरुषांच्या एनबीए लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स संघाने खेळाडू निवडताना तेराव्या फेरीत चक्क डेनिस लाँगचं नाव घेतलं. लीगच्या आयुक्तांनी ती निवड रद्द केली. हा संघमालकाचा प्रसिद्धीचा डाव होता असं अनेक जण म्हणतात आणि मलाही ते खरं वाटतं. पण त्या मालकाने तिला सॅन फ्रान्सिस्कोला नेलं आणि तिथे मुलींचे सामनेही भरवले, हेही खरं. पुढे डेनिस औषधनिर्माण शिकून फार्मासिस्ट झाली. तिच्यासारख्या मुलीला आपलं कौशल्य घेऊन जायला त्या काळी व्यावसायिक लीगच नव्हती. ती जवळपास दहा वर्षांनी आली. १९७८ मध्ये महिलांची पहिली व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा करारावर सही करणारी पहिली खेळाडू आयोवाच्याच मोराव्हिया गावची मॉली बोलिन होती. तीही फॉरवर्ड.

बघा, आतापर्यंत मी जी नावं घेतली ती सगळी फॉरवर्डची. १९८७ मध्ये शाळेतून बाहेर पडताना व्हेंचुरा गावच्या लिन लॉरेन्झनच्या खात्यावर ६,७३६ गुण होते. तीही फॉरवर्डच. मग १९६८ च्या त्या रात्री डेनिसला आणि जेनेटला अडवणाऱ्या मुलींचं काय? पंधरा हजार लोकांसमोर ज्यांच्या डोक्यावरून ७६ गुण गेले, आणि तरी ज्या जिंकल्या, त्या युनियन-व्हिटनच्या गार्ड? शेवटी चेंडू अडवून रेषेपलीकडे फेकला असेल तो त्यांनीच. जुन्या कागदांत त्यांची नावं असतात, पण नावापुढे गुणांच्या रकान्यात शून्य. मुलगी पाचवी-सहावीत असतानाच गुरुजी ठरवायचे, हिचा नेम चांगला म्हणून ही फॉरवर्ड, ही चपळ आणि हट्टी म्हणून ही गार्ड. एकदा गार्ड झाली की पुढे शाळा संपेपर्यंत सामन्यात तिने बास्केटकडे चेंडू टाकायचाच नाही.

म्हणूनच आजींना तो प्रश्न विचारायचा. फॉरवर्ड असतील तर गुण सांगतील. गार्ड असतील तर त्यांनी कुणाला अडवलं ते सांगतील, आणि ते ऐकायला जास्त मजा येते.

ही व्यवस्था मोडली ती याच प्रश्नावर. शिक्षणात मुलींना समान संधी देणारा केंद्रीय कायदा १९७२ मध्ये आला आणि कॉलेजांत मुलींच्या खेळासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पण कॉलेजं पाच-पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ खेळत. शाळेत फक्त अडवायलाच शिकलेल्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळणार कशी? १९८३ मध्ये आयोवातल्या काही मुली हाच मुद्दा घेऊन न्यायालयात गेल्या. १९८५ पासून दोन्ही प्रकारच्या स्पर्धा शेजारी शेजारी चालू लागल्या. १९९३ मध्ये सहा जणींची शेवटची स्पर्धा हबर्ड-रॅडक्लिफने जिंकली आणि त्या खेळावर पडदा पडला.

चांगलं झालं की वाईट? माझ्या मते बदल व्हायलाच हवा होता. कुठल्याही मुलीला तू नेम धरायचाच नाहीस असं सांगणारा नियम कितीही लाडका असला तरी टिकवण्यासारखा नव्हता. पण गावाने त्याची किंमत मोजली, हेही तितकंच खरं. जुन्या खेळात सहा बऱ्या मुली मिळाल्या की एवढंसं गाव राज्याचं विजेतं होऊ शकायचं, आणि पळायला जड असलेल्या मुलीलाही नेम चांगला असेल तर जागा होती. आता मोठ्या शाळा वेगळ्या गटात, लहान वेगळ्या गटात. विजेते पाच, आणि एकच दिवा असताना पडायचा तेवढा प्रकाश पाचांपैकी एकावरही पडत नाही.

मात्र या मातीत मुलींचा सामना पाहायची सवय मुरली ती मुरलीच. १९८५ च्या फेब्रुवारीत आयोवा विद्यापीठाच्या मुलींचा एक सामना पाहायला २२,१५७ लोक आले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच विद्यापीठाने फुटबॉलच्या उघड्या मैदानावर सामना ठेवला, तेव्हा आकडा होता ५५,६४६. त्या दिवशी खेळणारी केटलिन क्लार्क डि मॉइनला लागून असलेल्या वेस्ट डि मॉइनमधली. शाळेत असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तिने एका सामन्यात ६० गुण केले, त्यात तीन-तीन गुणांच्या १३ बास्केट. एवढं असूनही तिच्या चार वर्षांत शाळेला राज्याचं विजेतेपद मिळालं नाही. जेनेट ओल्सन आठवली की नाही?

तर सामना बघायला बसलात की एक करून पाहा. पाच मिनिटं चेंडूकडे बघूच नका. समोरच्या संघाच्या सर्वांत भारी खेळाडूच्या अंगाला चिकटून असलेली मुलगी शोधा आणि तिच्यावर नजर ठेवा. तिची पावलं, तिचे पसरलेले हात, चेंडू दुसरीकडे गेल्यावरही पाठ न फिरवणं. आणि मग अचानक तीच मुलगी चेंडू हिसकावून अख्खं मैदान पार करते, मधली रेषा ओलांडते आणि स्वतःच बास्केट करते. शेजारच्या आजी त्या क्षणी काय करतात तेही बघा.

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर थोडी वाकडी वाट करा. डि मॉइनच्या ईशान्येला साधारण शंभर किलोमीटरवर व्हिटन आहे. काही दुकानं-बाजार असेल अशा आशेने जाऊ नका, जेवण आधीच उरकून घ्या. वस्ती आता दीडशेच्याही आत आली आहे. युनियन-व्हिटन नावाची शाळाही उरलेली नाही. मुलं कमी झाली तशा आसपासच्या शाळा एकमेकींत मिसळत गेल्या आणि बीमन, कॉनराड, लिस्कोंब, युनियन आणि व्हिटन या पाच गावांची मिळून एक शाळा झाली. मुलींच्या जर्सीवर पाच गावांची नावं मावणार कशी? म्हणून फक्त आद्याक्षरं घेतली: बीसीएलयूडब्ल्यू. त्यातलं शेवटचं अक्षर व्हिटनचं.