शेवळापासून भोगीपर्यंत

ज्येष्ठ. पहिला पाऊस झाला की ठाणे-पालघरच्या बाजारांत शेवळाच्या जुड्या येतात. जुडीबरोबर काकडाची हिरवी फळं मागून घ्यायची. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडाचा किंवा चिंचेचा आंबटपणा घालायचा. विकायला बसलेल्या आदिवासी मावशी हे दोन वाक्यांत सांगतात. भाजीचे पैसे आपण देतो. ही दोन वाक्यं त्या फुकट देतात.

आषाढ. गच्चीवर न्यायची माती हलकी हवी. उसाचं चिपाड, वाळका पाला, घरातला ओला कचरा, थोडं शेण. चिपाड रसवंतीवर मिळतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास अशीच सुरुवात केली. स्वयंपाकघरातला कचरा खाली टाकण्याऐवजी वर नेला आणि त्यातून सुमारे ३,००० चौरस फुटांची बाग उभी राहिली. त्यामागे श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा विचार होता: प्रयोग ज्यानं त्यानं आपल्या जागेत करायचा आणि जे कळलं ते सगळ्यांना सांगायचं.

श्रावण. ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. त्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, दिंडा, करटोली. बचतगटांचे स्टॉल, पाककृतींच्या स्पर्धा. हे व्हायलाच हवं. पण भाषणं पाहुण्यांची होतात आणि भाजी आणणारी बाई स्टॉलमागे उभी राहते. माइक तिच्या हातात द्या. कोवळा टाकळा किती उंचीचा खुडायचा, फोडशी कंदासकट का उपटायची नाही, सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतलं विषारी कोणतं, हे तिला ठाऊक आहे. आणि वाट्याचा भाव घासाघीस करून पाडू नका.

करटोली. गच्चीवर लावणाऱ्यांसाठी. करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. एकच कंद लावला तर वेल मांडवभर पसरेल, फळ धरणार नाही. दोन्ही असले तरी हातानं परागीभवन केलेलं बरं. महोत्सवात कंद घेताना हे विचारून घ्यावं.

ऋषिपंचमी. गणपतीचा दुसरा दिवस. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा रिवाज. नांगर न लागता हातानं पिकवलेलं तेवढंच चालतं: अळू, माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. या सगळ्याची एकत्र शिजते ती ऋषीची भाजी; तिला फोडणीसुद्धा नसते. पूर्वी हे सगळं परसातून यायचं. परस गेलं, गच्ची, बाल्कनी, सोसायटीच्या कुंपणालगतची पट्टी उरली आहे. तिथली प्रत्येक भाजी या नियमात बसते. शहरी शेतीचा सण शोधायचा तर हाच आहे. सोसायटीच्या मांडवात प्रत्येक घरानं आपल्या कुंडीतली एकेक भाजी आणावी आणि एका पातेल्यात ऋषीची भाजी शिजावी.

पौष. भोगी. वालाच्या शेंगा, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, तीळ. सोबत बाजरीची भाकरी आणि लोणी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे अनेक गावठी वाण जपले; २०२०च्या पद्मश्री मानकऱ्यांत त्या होत्या. संकरित बियाण्याचं बी धरून तसंच पीक पुन्हा येत नाही. गावठी वाणाचं येतं, म्हणून ते वाटता येतं.

शेवटचं. यंदा रानभाजी महोत्सवाला रिकामी पिशवी घेऊन जाऊ नका. वेलावर वाळू दिलेल्या दोन-चार शेंगांचं बी कागदाच्या पुडीत बांधा, वरती वाणाचं नाव आणि पेरणीचा महिना लिहा. भाजी विकत घ्या, रीत विचारून घ्या आणि पुडी कुणाला तरी देऊन या.