अंधाराचा रकाना

दुर्ग मागे पडले की पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला लागोपाठ तीन स्थानके लागतात: भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस आणि नुसते भिलाई. लहानपणी आजोळाहून परतताना मधल्या स्थानकाची पाटी दिसली की मी आईला विचारी, ‘सगळी वीज इथेच तयार होते ना?’ आई हसून मान डोलावी. त्या वयात मला ते उत्तर पुरेसे होते. वीज कुठे होते, कुणासाठी होते आणि तिचे पैसे कोण भरतो, हे तीन प्रश्न वेगळे आहेत हे कळायला माझे अर्धे आयुष्य गेले.

बाबा नागपूरहून भिलाईला आले ते १९५९ साली, पहिली झोतभट्टी पेटली त्या वर्षी. हा मुलूख नव्या मध्य प्रदेशात जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्यापूर्वी नागपूर हीच त्याची राजधानी. त्यामुळे नागपूर सोडताना आपण परमुलुखात चाललो आहोत असे त्यांना वाटले नाही. सोव्हिएत सहकार्याने उभा राहणारा तो कारखाना त्यांच्या लेखी केवळ नोकरीची जागा नव्हता. देश म्हणजे काय, असे कुणी विचारले असते तर त्यांनी बोट दाखवले असते ते भट्ट्यांकडे.

सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरात दिवे जाणे ही क्वचित घडणारी गोष्ट होती. झोतभट्टीच्या भिंतींतून अखंड पाणी खेळवावे लागते, पंप थांबले तर भट्टीच धोक्यात येते. म्हणून कारखान्याने विजेची सोय आधीपासून पक्की केलेली. भट्टीतून निघणारा वायू वाया न घालवता तो जाळून वाफ आणि वीज करायची, ही युक्ती बाबा आम्हांला पुनःपुन्हा समजावून सांगत. वसाहतीचा वीजपुरवठाही कारखान्याच्याच हाती होता. भट्टीच्या पुण्याईने आमचा अभ्यास उजेडात झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आजोळ भंडारा जिल्ह्यात. तिथे मामांची धानाची शेती होती. विजेचा पंप होता, पण वीज पाळीपाळीने यायची, आणि ती पाळी बहुधा रात्रीची असायची. विंचवाकाट्याची पर्वा न करता मामा कंदील घेऊन बांधावर जात. त्यांच्या शेतावरून उच्च दाबाच्या तारा गेल्या होत्या. कोरब्याची वीज भिलाईला आणि भिलाईहून नागपूरजवळच्या कोराडीला नेणाऱ्या वाहिन्या याच दिशेने जातात. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून आम्ही पडलो की त्या मनोऱ्यांचे सांगाडे चांदण्यात दिसत. वर तारा आणि खाली कंदील. मला तेव्हा ते दृश्य सुंदर वाटे, याची आज लाज वाटते.

१९९५च्या भाऊबिजेला मामा भिलाईला आले आणि जेवणाच्या पानावर दाभोळचा विषय निघाला. एन्रॉनशी झालेला वीजखरेदीचा करार महाराष्ट्रातल्या नव्या युती सरकारने ऑगस्टमध्ये रद्द केला होता. बाबांना मनापासून आनंद झाला होता. ‘वीज घेतली नाही तरी पैसे मोजायचे, असा करार कुणी शहाणा माणूस करील काय?’ त्यांचा आवाज चढला. ‘वीज हा व्यापार नाही. ती सरकारची जबाबदारी आहे.’

मामा शांतपणे म्हणाले, ‘भाऊजी, सरकारची जबाबदारी माझ्या शेतावरून जाते. खाली उतरत नाही. मला दिवा हवा आहे. तो अमेरिकेचा आहे की रशियाचा, हे तुम्ही ठरवा.’

‘तुम्हांला देश विकलेला चालेल?’

हा शब्द बाबांनी उच्चारायला नको होता. मामांनी हात धुतले आणि आईने ओवाळलेल्या तबकात नोट ठेवून ते संध्याकाळच्याच गाडीने परत गेले. आई त्या रात्री जेवली नाही. ती कुणाच्याच बाजूने बोलली नाही, आणि त्या दोघांनीही तिला तिचे मत विचारले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही रेल्वेरुळांच्या पलीकडे, सुपेल्याच्या बाजूला घर घेतले. अंतर फार तर दोन मैलांचे. पण रूळ ओलांडताच आम्ही कारखान्याच्या विजेतून मंडळाच्या विजेत आलो. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री दिवे गेले ते पहाटेपर्यंत आले नाहीत. मेणबत्ती कुठे ठेवली आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. रुळांपलीकडचे आभाळ भट्ट्यांच्या उजेडाने तांबूस झालेले होते आणि बाबा त्याकडे पाहत पायरीवर बसून होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘उद्या तुझ्या मामांना पत्र लिही. या वर्षी भाऊबिजेला या म्हणावे.’

मामा आले. येताना कंदिलाची एक नवी काच कागदात गुंडाळून घेऊन आले. ती त्यांनी बाबांच्या हातात ठेवली. दोघेही हसले. दाभोळचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

इतिहासाने त्या वादाचा निकाल दोघांच्याही बाजूने दिला. करार फेरवाटाघाटींतून पुन्हा जिवंत झाला, मे १९९९मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅट वीज सुरू झाली, तिचा दर मंडळाला पेलेना, आणि मे २००१मध्ये प्रकल्प थांबला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. हिशेब बाबांचा बरोबर ठरला. पण पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांत भारनियमन बारा-बारा तासांवर गेले, तेव्हा मामा बांधावर कंदील घेऊन उभेच होते. अंधार मामांचा बरोबर ठरला.

इकडे नोव्हेंबर २०००मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. कोरब्याचा कोळसा आणि तिथली वीजकेंद्रे आमच्या वाट्याला आली आणि विजेने श्रीमंत राज्य म्हणून आमचा लौकिक झाला. २००३चा वीज कायदा आला, २००४मध्ये राज्याचा नियामक आयोग कामाला लागला, २००९मध्ये मंडळाच्या जागी कंपन्या आल्या. दर आता आयोगाने ठरवायचे. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे सरकारने आगाऊ भरायचे, अशी कायद्याची अपेक्षा. राजकारणाला विजेपासून दूर ठेवण्यासाठी घातलेले हे कुंपण. पण मार्च २०१९पासून ४०० युनिटांपर्यंत बिल निम्मे झाले, सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०२५मध्ये ती मर्यादा १०० युनिटांवर आली, आणि ओरड झाल्यावर डिसेंबरात २००वर गेली. विरोधकांनी याला गरिबांच्या खिशावरचा घाला म्हटले. सरकारने सांगितले की छतावर सौर पॅनेल बसवा, बिलच उरणार नाही. ज्याचे स्वतःचे छत नाही त्याने काय करावे, हे मात्र त्या वादात मला ऐकू आले नाही.

एका वर्षी मी रायपूरला दरांच्या जनसुनावणीस गेले होते. उद्योगांचे प्रतिनिधी जाडजूड फायली घेऊन आले होते. घरगुती ग्राहकांच्या सवलतीचा भार आपल्यावर का, असे ते विचारीत होते. शेतकऱ्यांच्या वतीने बोलणारे होते, माझ्यासारखे निवृत्त लोक होते. प्रत्येक जण पैसे आणि युनिट यांच्या भाषेत बोलत होता. मामा आठवले. बाबाही आठवले. माझी पाळी आली तेव्हा मीदेखील स्थिर आकाराविषयी चार वाक्ये बोलून खाली बसले.

आमच्याकडे कामाला येणारी बाई कॅम्पच्या वस्तीत, पॉवर हाउस स्थानकाजवळ, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहते. दर महिन्याला ती बिल माझ्याकडून वाचून घेते. गेल्या मे महिन्यात तिच्या गल्लीत तीन रात्री वीज नव्हती. तान्ह्या नातवाला ओल्या फडक्याने पुसत तिने त्या रात्री काढल्या. बिल आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे एकेक रकाना वाचून दाखवला. ऊर्जा आकार, स्थिर आकार, शुल्क, मागील बाकी. तिने सगळे ऐकून घेतले, कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारले, ‘दीदी, तीन रात बत्ती गोल रहिस, ओकर पइसा कहाँ कटे हे?’

सेवेचा दर्जा राखला नाही तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे, हे मला ठाऊक होते. तसे मी तिला सांगू लागले. ‘अर्ज’ हा शब्द ऐकताच तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि ती भांड्यांकडे वळली.